तीन सेंटिमीटर आणि पंचवीस किलोचा घड

रावेर तालुक्यातल्या एका मुलाचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणतो. थोडी काटछाट करून देतो.

"सुभेदार काका, माझं वय १९. बारावी कॉमर्स झालं, ६४ टक्के पडले. इंग्रजीत ५८ आणि बुककीपिंगमध्ये ७१. दोन वर्षांपासून अग्निवीर जीडीसाठी (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा जवान) मेहनत करतोय. घरची शेती थोडी, म्हणून केळीच्या कटाईवर जातो. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बागेतून ट्रॅक्टरपर्यंत, असं दिवसभर चालतं. सोळाशे मीटर ५ मिनिटं ५२ सेकंदांत येतो, बीम (पुल-अप्स) ९ मारतो. पण उंची १६५ आहे. अकॅडमीतले सर आधी म्हणायचे वाढेल, नाहीतर जुगाड होतं. आता म्हणतात क्लार्कचा फॉर्म भर. वडील म्हणतात, कारकुनीच करायची तर तहसीलीत कर, त्यासाठी फौजेत कशाला जायचं? मोबाईलवर पाहिलं की अमेरिकेत उंची बघत नाहीत, ताकद बघतात आणि ताकदीप्रमाणे काम देतात. मग आपल्याकडे तीन सेंटिमीटरसाठी मला का काढतात? बहीणही विचारते, मुलींना काही आहे का? ती १६३ आहे, १७ वर्षं पूर्ण झालीत."

भाऊ,

आधी त्या "वाढेल, जुगाड होतं"चा निकाल लावू. एकोणिसाव्या वर्षी तीन सेंटिमीटर वाढत नाहीत. बारला लटकून नाही, पावडर खाऊन नाही, झाडाला उलटं टांगून घेतलंस तरी नाही. माणूस सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या रात्रीत पाणी धरतात. भरतीची पोरं हे ओळखून असतात आणि मापाच्या आधी ग्राउंडच्या कडेला आडवी पडून राहतात. ते सगळं केलंस तरी तू १६६. डोक्यावर केस वाढवून उभा राहिलास तर माप घेणारा पट्टी टाळूपर्यंत दाबतो. बाप फौजी असता तर दोन सेंटिमीटरची सूट मिळाली असती, तरी तुझ्या १६५ चे १६७च. जीडीला आपल्या भागासाठी १६८ लागतात. राहिला जुगाड. जुगाड म्हणजे दलाल. त्याच्याकडे पैसे गेले की ते गेलेच, आणि उद्या प्रकरण उघडं पडलं तर तुझं नावही जाईल. कुणी रक्कम सांगितली असेल तर त्या माणसाचा नंबर आजच मोबाईलमधून काढून टाक.

आता तुझी तक्रार. ती मला अर्धी पटते, आणि ती का पटते ते सांगतो, म्हणजे तुला वाटणार नाही की म्हातारा नियमांची बाजू घेऊन बसलाय.

सैन्याची उंचीची अट देशभर एक नाही, ती प्रदेशावर ठरते. हरियाणा-राजस्थानच्या मुलाला जीडीसाठी १७० लागतात. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशला १६८. दक्षिणेत १६६. हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरी मुलाला १६३ आणि गोरख्याला १५७. भरती झाल्यावर हे सगळे पायदळात तेच काम करतात. तीच रायफल, तेवढंच ओझं, तोच डोंगर. गोरखा पलटणीचं नाव जगात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे १६५ उंचीचा माणूस पायदळाचं काम करू शकत नाही असं सैन्यालाही वाटत नाही. त्या त्या भागातली माणसं साधारण किती उंच असतात त्यावरून ही रेघ मारलेली आहे, कामावरून नाही. तुला ते खुपलं तर त्यात चूक काही नाही. पण रेघ आहे ती आहे. तुझ्या भरतीपर्यंत ती कुणी पुसणार नाही आणि तिच्याशी भांडण्यात तुझी आणखी दोन वर्षं जातील.

अमेरिकेचं तू पाहिलंस ते खरं आहे, पण अर्धवट. उंचीची खालची मर्यादा तिथेही आहे, पाच फुटांच्या आसपास. ती इतकी खाली आहे की तुझ्यासारख्याला जाणवणार नाही, एवढंच. आणि ताकद मोजून लगेच काम हातात देतात असंही नाही. आधी लेखी परीक्षा असते. त्या गुणांवरून कुठली कामं तुझ्यासाठी उघडी आहेत ते ठरतं, आणि ताकदीचा प्रश्न त्यानंतर येतो. हे मुद्दाम सांगतोय. तुझ्या पत्रात धावणं आहे, बीम आहे, केळीचा घड आहे, लेखी परीक्षेचा एक शब्दही नाही. त्याकडे पुढे येतो.

तिथल्या ताकदीच्या चाचणीची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. २०१६ पासून अमेरिकेनं लढाईची सगळी कामं बायकांनाही खुली केली. मग प्रश्न आला की कोण कुठल्या कामाला पुरेल हे ठरवायचं कसं? त्यांनी कामापासून सुरुवात केली. रणगाड्यात गोळा भरायला काय लागतं, जखमी जवानाला ओढत आडोशाला न्यायला काय लागतं, वाळूच्या गोण्या रचून मोर्चा बांधायला काय लागतं, पाठीवर ओझं घेऊन लांब चालायला काय लागतं, हे जवानांकडून प्रत्यक्ष करून घेऊन मोजलं. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा चाळीस किलोंच्या वर असतो, तो कुणीतरी हातानंच उचलायचा असतो. या मोजमापातून चार सोप्या चाचण्या निघाल्या आणि जानेवारी २०१७ पासून त्या प्रत्येक नव्या रंगरुटाला लागू झाल्या. जागेवरून लांब उडी, बसून दोन किलोचा चेंडू छातीपासून फेकणं, जमिनीवरून वजन उचलणं आणि भोंग्याच्या तालावर वीस-वीस मीटरच्या फेऱ्या.

कामांचे तीन गट केले. सगळ्यात जड गटाला, म्हणजे पायदळ, तोफखाना वगैरे, उडी १६० सेंटिमीटर, चेंडू साडेचार मीटर, वजन ७२ किलोंच्या आसपास आणि ४३ फेऱ्या. मधल्या गटाला १४० सेंटिमीटर, चार मीटर, ६३ किलो, ४० फेऱ्या. हलक्या गटाला १२० सेंटिमीटर, साडेतीन मीटर, ५४ किलो, ३६ फेऱ्या. बाई असो की बाप्या, आकडे तेच. जड गटाला कमी पडलास तर घरी जा म्हणत नाहीत. पुन्हा चाचणी दे म्हणतात, नाहीतर खालच्या गटातलं दुसरं काम घे.

तू दिवसभर घड वाहतोस. तुझी पाठ आणि मांड्या पाहता तो जड गट तू पार करशील असं मला वाटतं. म्हणून तुझा जीव जळतो हे कळतं. पण तिथेही सगळं सुरळीत चाललंय असं समजू नकोस. हा नियम भरतीच्या दारात राहिला, पण नोकरीतल्या रोजच्या चाचणीत त्यांचं डळमळलं. आधी नवी चाचणी कामाच्या जडपणावरून ठरवायची असं म्हणाले. २०२२ मध्ये ते सोडून वय आणि बाई-पुरुष पाहून गुण द्यायला लागले. जून २०२५ मध्ये पुन्हा चाचणी बदलली आणि लढाईच्या २१ कामांपुरता बाई-पुरुष फरक काढून टाकला. एवढे पैसे आणि एवढे शास्त्रज्ञ हाताशी असून त्यांना जे एका झटक्यात जमलं नाही, ते आपल्याकडे उद्या होईल यावर तुझं वय खर्च करू नकोस.

(कामाला माणूस निवडायचा म्हणजे काय, हे आपल्या खानदेशानं फार आधी पाहिलं आहे. १८२५ मध्ये औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. डोंगर आणि त्यातल्या वाटा ज्यांना पाठ, तीच माणसं त्याला हवी होती. ती त्यांच्याच भाऊबंदांवर वापरली हे दुखणं वेगळं.)

आपल्याकडे माणूस आणि काम यांची जुळणी होते, पण ती ग्राउंडवर होत नाही, फॉर्म भरतानाच होते. जीडी, टेक्निकल, क्लार्क-स्टोअरकीपर, ट्रेड्समन, यांपैकी कुठल्या खान्यात खूण करतोस यावर पुढचं सगळं ठरतं. प्रत्येक खान्याची शिक्षणाची आणि उंचीची अट वेगळी. दोन वर्षं तू चुकीच्या खान्यासाठी घाम गाळलास. क्लार्कला उंची १६२ लागते. बारावी कुठल्याही शाखेची चालते, एकूण ६० टक्के हवेत, प्रत्येक विषयात किमान ५०, आणि इंग्रजीत तसंच गणित, अकाउंट्स किंवा बुककीपिंगमध्ये ते ५० हवेतच. तुझे ६४, ५८ आणि ७१ हे आकडे पुन्हा वाच. बाकीच्या विषयांतही ५० असतील तर तू त्या खान्यात सगळ्या बाजूंनी बसतोस. तुझ्या अकॅडमीनं हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, फी दोन वर्षं घेतल्यावर नाही.

यात एक मेख आहे. २०२३ पासून सैन्यभरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, त्यातून निवडलेल्यांनाच ग्राउंडला बोलावतात. म्हणजे तुझं ५:५२ कुणी बघण्याआधी तुझी गाळणी लागते ती संगणकासमोर. क्लार्कच्या पेपरात इंग्रजीचं वजन मोठं आहे, शिवाय गणित, सामान्य ज्ञान आणि थोडं संगणकाचं. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. त्यात २०२४ पासून क्लार्कला टायपिंगची चाचणीही आली. तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास असतात, आजच नाव घाल आणि इंग्रजी ३० ची परीक्षा दे. घड वाहून बोटं जाड झालीत म्हणशील, तर पहिला महिना त्रास होईल, मग होत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या पोरांपैकी ग्राउंडवर वाघ आणि कीबोर्डवर शेळी असे बरेच होते.

तुझ्या वडिलांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. गावात फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसते, आणि पोरगा क्लार्क झाला म्हणून सांगताना त्यांना अवघड वाटेल. त्यांना एवढं सांग. क्लार्कही आधी रंगरूट असतो. त्याचीही कवायत होते, रायफल मिळते, फायरिंग होतं. पायदळाच्या प्रत्येक पलटणीत क्लार्क असतात आणि पलटण सीमेवर गेली की तेही जातात, रजिस्टर घेऊन मागे राहत नाहीत. नोकरीतही शारीरिक क्षमतेची चाचणी होते, तिच्यात धावावं लागतं, उभ्या दोरावर चढावं लागतं. क्लार्क म्हणून त्यातून सुटका नसते. तहसीलीतल्या कुठल्या भाऊसाहेबाला दोरावर चढताना तुझ्या वडिलांनी पाहिलंय का, ते विचार. नीट विचार मात्र, वाद घालू नकोस.

शिवाय सैन्यात शरीर आणि काम यांचं गणित भरतीनंतरही चालू राहतं. मन, कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे, या पाचांचा दर्जा प्रत्येक जवानाच्या नावापुढे नोंदलेला असतो आणि मेडिकलमध्ये तो पुन्हा पुन्हा तपासला जातो. गुडघा गेला, कान गेला, तर दर्जा उतरतो आणि त्याप्रमाणे काम बदलतं. जीडीत भरती झालेला धडधाकट गडी पुढे स्टोअरमध्ये बसलेला मी पाहिला आहे. तेव्हा क्लार्क म्हणजे दुबळ्यांची जागा असं तिथे कुणी मानत नाही. मानलं तर पगारपत्रक अडकल्यावर कळतं.

आता धावण्याकडे येऊ. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आलास तर पहिल्या गटात पूर्ण ६० गुण. ५:४५ पर्यंत ४८. त्यामागेही अलीकडे गट केलेत, पण तिथे गुण घसरत जातात. बीमला १० मारले तर ४०, ९ ला ३३. म्हणजे एका बीमची किंमत सात गुण. तो दहावा बीम आधी कमाव, तो स्वस्तात मिळेल. रोज बीम मारतच राहू नकोस. एक दिवसाआड मार, पूर्ण हात सरळ करून, झोका न घेता.

५:५२ म्हणजे चारशेची प्रत्येक फेरी ८८ सेकंदांची. तुला हवी ८२ ची. अकॅडमीत रोज सकाळी पूर्ण सोळाशे पळवतात आणि घड्याळ दाखवतात, त्यानं वेळ कमी होत नाही, पोरं फक्त खचतात. पूर्ण सोळाशे पंधरा दिवसांतून एकदा पळ. आठवड्यातला एक दिवस चारशेच्या सहा फेऱ्यांचा. प्रत्येक ८२ सेकंदांत, मध्ये दीड-दोन मिनिटं चालत श्वास. पहिली फेरी ७५ मध्ये मारून शेवटी ढेपाळलास तर ती फुकट गेली असं धर. एक दिवस सात-आठ किलोमीटर सावकाश, बोलता येईल इतकं सावकाश. एक दिवस तीन किलोमीटर मध्यम जोरात. बाकी हलकं. कटाईचं काम असेल त्या दिवशी जोराचं धावणं नको. पाय आधीच थकलेले असतात आणि नडगी दुखायला लागते ती तिथूनच. नडगी धरली असेल तर डांबरी रस्ता सोड आणि पाणंदीच्या मातीवर पळ. आणि मार्चपासून पहाटे पाचलाच बाहेर पड. आपल्याकडचं ऊन तुला मी सांगायला नको.

घड वाहण्याचा आणखी एक परिणाम तुला माहीत नसेल. ओझं नेहमी एकाच खांद्यावर घेत असशील तर पाठ एका बाजूला ओढली जाते. मेडिकलला डॉक्टर उभं करून पाठ, गुडघे, तळवे बघतात. खांदा बदलत जा. कान साफ आहेत का, दात, रंग ओळखता येतात का, हे आताच सरकारी दवाखान्यात बघून घे. ग्राउंड मारून मेडिकलला कानातल्या मळावर अडकलेली पोरं मी पाहिली आहेत.

तुझी खरी ताकद मोजणारी भरती मात्र वेगळीच आहे, आणि तू तिचं नावही काढलं नाहीस. महाराष्ट्र पोलिस शिपाई. उंची १६५. बरोबर तुझी. मैदानाचे ५० गुण आहेत. सोळाशेला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. गोळा ७.२६ किलोचा. सैन्याच्या भरतीत तू किती उचलतोस, किती फेकतोस हे कुणी विचारत नाही. इथे त्याला १५ गुण आहेत. पण नुसत्या खांद्यानं गोळा जात नाही. तो पायातून आणि कमरेतून निघतो, हात फक्त शेवटी लागतो. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाकडे जा आणि महिनाभर रिकाम्या हातानं फक्त पायाची ठेवण शिक. पोलिसात आधी मैदान, मग लेखी, त्यामुळे तिथे तुझा घाम आधी कामी येतो. धुळ्याच्या राज्य राखीव दलाच्या गटाचा फॉर्म मात्र भरू नकोस, तिथे पुन्हा १६८ आहेत आणि सोळाशेऐवजी पाच किलोमीटर.

नौदल आणि हवाई दलही बघून ठेव. नौदलात १५७ उंची चालते. हवाई दलात त्याहून कमी, आणि सायन्स नसलेल्या बारावीवाल्यालाही तिथे दार आहे. दोन्हीकडे धावण्याची वेळ सैन्यापेक्षा सैल, लेखी मात्र कडक. प्रत्येक वेळी त्या वर्षीची मूळ जाहिरात स्वतः वाच. आकडे बदलतात, आणि अकॅडमीच्या भिंतीवरचा फलक कुणी बदलत नाही.

अग्निवीर चार वर्षांचं आहे हे घरी बसून एकदा बोला. चारातल्या एकालाच पुढे कायम करतात. बाकीचे साधारण पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन परत येतात. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी गावात परतलास तर हातात काय असेल? क्लार्क म्हणून गेलास तर हिशोब, स्टोअर, संगणक, कार्यालयाचं इंग्रजी इतकं तरी असेल. जीडीवाल्याकडे शिस्त असते आणि ती मोलाची आहे, पण नोकरीच्या अर्जात तिला वेगळा रकाना नसतो. जाण्याआधी बी.कॉम.ला बाहेरून नाव घालून ठेव, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात ते होतं.

बहिणीला सांग, अग्निवीर म्हणून सैन्यात मुलींना सध्या मिलिटरी पोलिसात घेतात. उंची १६२, म्हणजे ती बसते. दहावीला एकूण ४५ टक्के लागतात. सोळाशे साडेसात मिनिटांच्या आत आली तर पहिला गट, आठ मिनिटांपर्यंत दुसरा. बीम नाही, त्याऐवजी दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. तीन फूट उंच उडी ऐकायला सोपी वाटते, पण सरावाशिवाय मुली तिथेच अडतात. आडवी दोरी बांधून घरामागे सराव करता येईल, खाली वाळू टाका. साडेसतरा पूर्ण झाल्याशिवाय फॉर्म भरता येत नाही, तोवर तिला लेखीला बसव. पोलिसातही तिची उंची पुरेशी आहे, तिथे मुलींना १५५ लागतात आणि सोळाशेऐवजी आठशे मीटर. तू टायपिंगच्या क्लासला जाशील तेव्हा तिलाही घेऊन जा, आणि पहाटे पळायला एकटी पाठवू नकोस, बरोबर पळ. तुझं सावकाश आठ किलोमीटर तिच्या वेगानं झालं तरी चालेल.